नाला हद्द धरावा

आमच्या कस्ब्यात माझ्याविषयी एक समजूत बरीच वर्षे चालत आली आहे. नगरपालिकेच्या वॉर्डांची नवी आखणी झाली तेव्हा मिलवाल्या अध्यक्षांनी माझ्यावर दबाव आणला, मी तात्पुरता नोकर असल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही, आणि म्हणून बौद्ध वस्तीचे दोन तुकडे करणारी रेषा माझ्या हातून ओढली गेली, अशी ती समजूत आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि इतकी वर्षे मी ती दुरुस्त केली नाही. नाल्याची हद्द मला कोणी सांगितली नव्हती. ती मला सुचली.

मी आज चोपन्न वर्षांचा आहे. बालाघाट जिल्ह्यातल्या एका कस्ब्यात, ज्याचे नाव मी येथे घेणार नाही, नगरपालिकेत नक्शानवीस म्हणून माझे नोकरीचे आयुष्य गेले. घरांची मोजणी करणे, गल्ल्यांचे नकाशे काढणे आणि सभेचे इतिवृत्त लिहिणे अशी तीन कामे माझ्याकडे असत. आमचे घराणे शेतकऱ्यांचे. आजोबा वैनगंगेच्या पलीकडून, भंडाऱ्याच्या बाजूने आलेले. बहीण तुमसरला दिलेली. छप्पन साली राज्यांच्या नव्या सीमा आखल्या गेल्या आणि आमचा जिल्हा नागपूरपासून तुटून भोपाळला जोडला गेला. माझ्या मराठी शाळेतल्या अक्षराला कचेरीत किंमत उरली नाही. आम्हांला कोणी विचारले नव्हते, असे मी कित्येकदा तावातावाने म्हणत असे. कागदावरच्या रेषेने माणसाचे काय होते हे मला इतरांपेक्षा अधिक कळायला हवे होते.

त्याच वर्षी आमच्या कस्ब्यातला एक गवंडी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. मराठी शाळेत चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. मी फळ्याजवळ बसत असे, तो दाराजवळ. पुढे माझ्या घराची मागची भिंत त्याने बांधली. काम चालू असताना तो तहान लागली की अंगणात येऊन ओंजळ धरी आणि माझी पत्नी वरून पाणी ओती. यात काही वावगे आहे असे त्या वेळी घरात कोणालाही वाटले नाही, मलाही नाही.

मिस्त्रीची वस्ती नाल्याच्या दोन्ही काठांवर होती. मध्ये एक लहानशी पुलिया होती आणि तीवरून दिवसभर माणसे, शेळ्या, पाण्याच्या घागरी ये-जा करीत. विहीर एका काठावर, विहार दुसऱ्या काठावर. वस्तीच्या मागे अध्यक्षांची, म्हणजे वस्तीच्या तोंडी सेठची, धानाची मिल होती. मिलचा कोंडा बाहेर टाकला जाई आणि त्याचा ढीग दर हंगामात थोडा वस्तीकडे सरकत असे. वारा सुटला की वस्तीतल्या भाकरीवर कोंडा बसे. अध्यक्षांना ती जमीन हवी होती हे सर्वांना माहीत होते. वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची असली तरी जमीन कागदोपत्री नगरपालिकेची होती आणि सभेत वस्तीचा एकही माणूस नव्हता.

त्रेसष्टच्या सुमारास निवडणुकीसाठी वॉर्ड नव्याने पाडायचे ठरले. घरांवर क्रमांक घालण्यासाठी मी गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन वस्तीत गेलो, तेव्हा मिस्त्रीने त्या दिवसाची मजुरी बुडवून माझ्यासोबत फिरणे पत्करले.

"बाबू, हे घर सोडू नका," तो एका कोपऱ्यातल्या झोपडीपाशी थांबून म्हणाला. "मांगच्या यादीत हे घर नोतंच. पाच माणसं राह्यतात अंदर. पाचही मेले असं समजलं होतं का सरकारनं?"

"तूच सांग मंग किती माणसं, मी लिहितो."

"लिहा. अन् त्या आंब्याखालचंही लिहा. तो बिलासपूरले कमवाले गेलता, आता आला वापस."

त्याची आई दाराशी बसून तांदूळ पाखडत होती. चौकटीवर मी क्रमांक घातला तसे तिने कपाळ पुढे केले. "माह्या कपाळालेही लाव एक नंबर. यमाले घर सापडत नाई म्हणते माहं."

मिस्त्री हसला. मग पुलियावर बसून त्याने मला त्याचा हिशेब समजावून सांगितला. राखीव जागेवर त्यांचा हक्क उरला नव्हता, कारण त्या काळच्या नियमाप्रमाणे बौद्ध झालेल्या माणसाला ती सवलत नव्हती. तेव्हा मेंबर निवडून आणायचा तर स्वतःच्या मतांवर, आणि त्यासाठी अख्खी वस्ती एका वॉर्डात हवी. आजवरची हद्द वस्तीला वळसा घालणाऱ्या सडकेची होती. ती तशीच राहिली तर त्यांची मते पुरत होती.

"आमचा एक माणूस अंदर बसला पायजे बाबू," तो म्हणाला. "बाकीच्यायनं हात वर करू द्या ना. एकानं नाई म्हटलं तं तुमाले लिहा लागन का नाई, का एक जण नाई म्हणे? विरोध लिहून गेला का कलेक्टर चौकशी लावते. मंग सेठले जमीन घेणं सोपं नाई."

"तूच उभा राह्यशीन?"

"वस्ती म्हणते. मी म्हणतो, भिंत सरळ उभी करता येते मले, माणसायचं काही सांगता येत नाई." हे म्हणताना तो सुखावला होता. मी त्याच्याकडे पाहिले, आणि तो नगरपालिकेच्या त्या लांब टेबलाशी खुर्चीवर बसला आहे, मला फाईल आणायला सांगत आहे, असे दृश्य माझ्या मनात आले. मला ते आवडले नाही. त्या वेळी मी एवढेही स्वतःशी कबूल केले नाही. गेरूचा डबा उचलला आणि पुढच्या घराकडे गेलो.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी मला मिलच्या गादीवर बोलावले. आत इतकी धूळ होती की त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसत होत्या.

"कितने साल हो गए टेंपरेरी में, बाबू?"

मी सांगितले.

"बहुत हुआ." ते थोडा वेळ खिडकीतून वस्तीकडे पाहत राहिले. "वो बस्तीवाला वार्ड जरा देख लेना."

एवढेच. काय पाहायचे, कसे पाहायचे, हे त्यांनी सांगितले नाही. मी आजपर्यंत त्या वाक्याकडे अनेक बाजूंनी पाहिले आहे, त्यात धमकी शोधली आहे. धमकी नव्हती. मी "जी" म्हणून परत आलो असतो आणि जुनीच हद्द कायम ठेवली असती, तर फार तर माझी तात्पुरती नोकरी आणखी काही वर्षे तात्पुरती राहिली असती.

तीन दिवस मी नकाशापुढे बसलो. हातात मिस्त्रीने घरोघर फिरून करवून घेतलेली मोजणी होती, एकही घर न सुटलेली, कस्ब्यातल्या कोणत्याही मोहल्ल्यापेक्षा चोख. तिसऱ्या दिवशी मला दिसले की नाल्यावरून रेषा नेली तर घरे जवळपास निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे पडतात. दोन्ही तुकडे बाजारपेठेच्या दोन मोठ्या वॉर्डांत मिसळले की वस्ती कोठेच भारी उरत नाही. मोजणी ढिसाळ असती तर हे मला कळलेही नसते. शिवाय नाला ही निसर्गाची हद्द. तिच्यावर कोणी बोट ठेवू शकत नव्हते. मी काळ्या शाईने ती रेषा ओढली आणि ती मला सुंदर वाटली, हेही मी लपवत नाही. टिपणात लिहिले, 'नाला हद्द धरावा.'

अध्यक्षांनी नकाशा बराच वेळ पाहिला. मग ते हसले आणि त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "अरे बाबू, हमने तो इतना सोचा भी नहीं था."

नव्या आखणीचा मसुदा हरकतींसाठी फलकावर लावावा लागे. तो मीच लिहिला. गल्ल्यांची नावे न घालता मी सर्व हद्दी खसरा क्रमांकांत लिहिल्या, म्हणजे पटवाऱ्याच्या दप्तरात जमिनीच्या तुकड्यांना जे आकडे असतात त्यांत. वस्तीत कोणालाही आपल्या दाराचा खसरा क्रमांक ठाऊक नव्हता. विहीरवाली गल्ली, आंब्याखाली, पुलियापाशी, असे ते लोक पत्ते सांगत. कायद्याला दोन्ही चालत होते. नकाशा कचेरीत 'पाहण्यासाठी उपलब्ध' होता, म्हणजे माझ्या कपाटात होता.

मुदत संपायला चार दिवस असताना मिस्त्री आला. हाताला चुना तसाच होता. फलकापुढे तो बराच वेळ उभा राहिला, मग माझ्या टेबलापाशी आला.

"बाबू, ते आकडेच आकडे हायत सारे. मले काही उमजलं नाई. नकाशा दाखवता का जरासा?"

गवंडी माणूस. नकाशा उलगडला असता तर एका नजरेत त्याला ती रेषा दिसली असती.

"काहून उगाच तरास घेतं?" मी म्हटले. "तुह्यासंगच तं मोजलं ना सारं."

"म्हणजे वस्ती पुरी एका वॉर्डात हाय?"

मी म्हणालो, "हौ."

"मंग झालं," तो म्हणाला. "तुमी हाय म्हणून वस्तीत मी साऱ्यायले सांगतलं, का काळजी करू नका." तो बाहेर गेला आणि त्याने सायकलीवर टांग टाकली. चार दिवसांनी मुदत संपली. वस्तीची एकही हरकत आली नाही. महिनाभरात मला कायम केल्याचा आदेश मिळाला आणि पत्नीने मारुतीला नारळ फोडला.

मतदारयाद्या बाहेर पडल्या तेव्हा वस्तीला कळले. मिस्त्री दोन्ही याद्या हातात घेऊन कचेरीत आला. मी उठून उभा राहिलो. मला वाटले, आता हा सर्वांपुढे मला खोटारडा म्हणेल, आणि त्याने तसे म्हटले असते तर कदाचित माझे पुढचे आयुष्य सोपे झाले असते. त्याने याद्या टेबलावर ठेवल्या आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सेठनं दाबलं ना तुमाले?"

मी टेबलावरच्या याद्या सरळ करू लागलो.

"नोकरी हाय, लेकरं हायत. मले समजते बाबू. तुमच्या जागी दुसरा असता तं त्यानंही तेच केलं असतं." आणि त्याने माझ्या दंडावर हात ठेवला. मी मान खाली घातली. पाहणाऱ्याला ती लाजेने खाली गेली असे वाटले असेल, आणि लाज होतीही. परंतु त्या क्षणी मला सर्वांत जास्त वाटली ती सुटका. त्याने मला एक सबब दिली होती आणि मी ती उचलून खिशात घातली.

तो नाल्याच्या अलीकडच्या वॉर्डातून तरीही उभा राहिला. चिन्ह शिडीचे होते. मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक नाल्यापलीकडच्या केंद्रावर होती. वस्तीतल्या बाया नवी लुगडी नेसून रांगेत आल्या. मिस्त्रीची आई यादी लिहिली गेली त्या आठवड्यात पलीकडे मुलीच्या घरी राहायला गेलेली होती आणि तिचे नाव तिकडच्याच यादीत चढले होते. ती मतपत्रिका घेऊन पडद्याआड गेली आणि लगेच ती तशीच हातात घेऊन बाहेर आली.

"याच्यात शिडी नाई," ती म्हणाली. "कागद बदलला का रे बाबू?"

"माय, शिडी तिकडच्या वॉर्डात हाय," मी सांगितले. "इथं दुसरे उमेदवार हायत. कोणालेही द्या."

"कोणालेही काहून देऊ? पोटचं पोरगं उभं हाय माहं." मागच्या बाया पुढे सरकल्या. "शिडी कोठी गेली? आमच्याही कागदात नाई का?" कोणीतरी म्हणाली, "पोरगं पुलियाच्या तिकडं अन् माय इकडं, मंग नाला काय आता गोंदिया झाला का, का तिकीट काढून जा लागते?" रांगेत हशा पिकला. म्हातारी हसली नाही. तिने मतपत्रिकेची घडी घातली, कोरीच पेटीत टाकली आणि निघून गेली. त्या दिवशी किती घड्या कोऱ्या पडल्या ते मी पेटी उघडल्यावर पाहिले.

मिस्त्री पडला. नव्या सभेत वस्तीचे दोन सभासद होते, दोघेही बाजारात राहणारे. काही काळ काहीच घडले नाही. फक्त कोंड्याचा ढीग पहिल्या घरांच्या कुडापर्यंत आला. मग वस्तीत जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, टाकून कोणीतरी मोजून गेले. एका सकाळी काही दारांवर माझ्या गेरूच्या क्रमांकाशेजारी चुन्याची फुली दिसली. ती कोणी केली हे कचेरीत कोणी सांगेना. मिस्त्री वाटेत भेटला की विचारी, "बाबू, काही कानावर हाय?" मी नाही म्हणत असे. त्यापैकी काही वेळा ते खरेही होते.

ठराव आला तेव्हा तो चार ओळींचा होता. धानमंडीच्या रस्त्यासाठी अमुक ते अमुक खसरा क्रमांकांवरील अतिक्रमण हटवून रहिवाशांना छोट्या रेल्वेलाईनीपलीकडच्या जागेत हलवावे. क्रमांक मी ओळखले. ते माझ्याच मसुद्यातले होते. अध्यक्षांनी विचारले, "किसी को कुछ कहना है?" पंखा फिरत होता. वस्तीच्या दोन सभासदांपैकी एक पान लावत होता. सगळे हात वर गेले आणि मी इतिवृत्तात लिहिले, 'सर्वानुमते.' नाही म्हणणारा एक माणूस असता, तर तो शब्द मला लिहिता आला नसता.

उन्हाळ्यात घरे पाडली. चौकटींवरचे क्रमांक लाकडासकट बैलगाड्यांत भरले गेले. लाईनीपलीकडची जागा खोलगट होती. तिथे धानाचे बांध होते आणि पावसाळ्यात पाणी साचून राही. मिस्त्रीने दगडांवर फळ्या टाकून आईसाठी उंच जागा केली. पहिल्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. मी मौतीला गेलो होतो. चिखलातून परतताना मिस्त्रीने मला हाताला धरून बांध ओलांडून दिला. त्यानंतर तो भरवेलीला खाणीत कामाला गेला आणि वस्तीचे कितीतरी लोक त्याच्यामागून गेले.

यानंतरची वर्षे मी कायम नोकर म्हणून काढली. माझी मुले शिकली. आरशासमोर मी स्वतःला सांगत असे की मला दाबले होते. सतत सांगितल्याने काही गोष्टी खऱ्या वाटू लागतात, ही गोष्ट तशी झाली नाही.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा वॉर्ड पाडायचे निघाले. जुने अध्यक्ष वारले आहेत. नवे साहेब वयाने माझ्या मुलाएवढे आहेत. त्यांनी जुनी फाईल काढली आणि कौतुकाने म्हणाले, "बाबूजी, ये नालेवाला काम आपका था? बढ़िया था. लाइन पार की बस्ती में भी बैलगाड़ी का रास्ता जाता है बीच से. वैसा ही कुछ कर दीजिए." मी नकाशा गुंडाळला, ते काम करणार नाही असे लिहून दिले आणि दुसऱ्याने काढलेला मसुदा फलकावर लागला तसा रविवारी बालाघाटची बस धरली. तिथून भरवेली.

मिस्त्री खाणीच्या वसाहतीत क्वार्टरसमोर बाजेवर बसला होता. केस पिकलेले, छातीत घरघर. पाळी संपवून आलेले पाचसहा जण भोवती चहा पीत होते. त्याने मला लांबूनच ओळखले.

"अरे, बाबू आले आमच्या गावचे! या, बसा. पोरी, चहा आण."

चहा कपबशीत आला. मी बाजेच्या कडेवर बसलो. त्यांच्यातल्या एकाने, जो लहानपणी त्या वस्तीतच वाढला होता, माझ्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, "हेच का नाल्यावाले?"

"हौ," मिस्त्री म्हणाला, "पण हा माणूस वाईट नाई बाप्पा. सेठनं दाबलं होतं याले. बिचाऱ्याचा इलाज नोता."

त्याने हे इतक्या वर्षांनंतर, इतक्या सहजपणे, माझ्या बाजूने म्हटले. मी कप खाली ठेवला. वस्तीची पुन्हा फाळणी होऊ घातली आहे, हरकतीची मुदत अजून उरली आहे, आणि सोमवारी कोणीतरी येऊन नकाशाच उलगडून पाहावा, हे मी आधी सांगितले. ते सर्वांनी ऐकले. दोघांनी जायचे कबूल केले. मग मी उभा राहिलो. शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असे बोललो.

"मिस्त्री, मले कोणीच दाबलं नोतं. नाला म्या दाखवला सेठले, त्यायनं नाई मले. तुमी नकाशा मांगतला अन् म्या झाकून ठेवला, काहून का तुमाले तो वाचता येत होता. तुमी खुर्चीवर बसून मले फाईल मांगान, हे मले सहन होत नोतं. तुमी मले माफ केलं ते खोट्यावर केलं, अन् म्या ते घेतलं. तुमची वस्ती माह्या हातानं गेली. तुमची माय माह्या पायी चिखलात मेली. मी चुकलो, मिस्त्री. साऱ्यायसमोर तुमची माफी मांगतो."